हॉकी टीमचा पॅच: भरतकामाचा, विणलेला की छापील? (मागच्या वेळी हात पोळलेत)

लेफ्टआऊट

नमस्कार मंडळी. आमच्या हॉकी टीमची व्यवस्थापक म्हणून माझी एकमताने निवड झाली. म्हणजे मी बैठकीला उशिरा पोचले आणि तोवर एकमत होऊन गेलं होतं. खेळत होते तेव्हा डाव्या कडेने पळायचे, आता किटबॅगा मोजते. सध्या समोर आहे बिल्ल्यांचं काम. जर्सीवर छातीला डावीकडे लावायचा, गोल, साधारण 9 सेंटिमीटरचा. टीममध्ये सगळ्या ‘पॅच’ म्हणतात, माझी आई ‘ठिगळ’ म्हणते, आणि मागच्या वर्षीचं काम बघता आईचंच बरोबर होतं.

ती कर्मकहाणी आधी सांगून टाकते, म्हणजे त्याच चुका मला परत कुणी सुचवणार नाही. पाठीला गोंद असलेले, इस्त्रीने चिकटवायचे पॅच करून घेतले होते. करून देणारा म्हणाला, ‘पंधरा सेकंद दाबा, विषय संपला.’ सामन्याच्या आदल्या रात्री मी वीस जर्स्या घेऊन बसले. पहिल्या जर्सीला इस्त्री जरा जास्तच तापलेली होती. पॅच चिकटला, पण भोवती इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा चकचकीत डाग उठला, तो आजही तसाच आहे. घाबरून उष्णता कमी केली. मग बाकीच्या एकोणीस पॅचच्या कडा तिसऱ्या धुण्याला वळायला लागल्या, उन्हात पडलेल्या पानासारख्या. एका सामन्यात आमच्या राइट बॅकचा पॅच मैदानावरच गळून पडला. समोरच्या टीमच्या मुलीने तो उचलून अंपायरच्या हातात दिला, अंपायरने माझ्या हातात दिला. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुसरी गोष्ट ह्याहून विचित्र. जर्सी लाल, पॅचची जमीन पांढरी. महिन्याभरात पांढरा भाग सगळीकडे गुलाबी. मी टीमला झाडलं, गरम पाण्यात धुवू नका म्हणून सांगितलं होतं ना! पण परवा कपाट आवरताना एक जादाची जर्सी हाती लागली. पॅच लावलेली, एकदाही न घातलेली, एकदाही पाणी न लागलेली. तिचाही पॅच गुलाबी. म्हणजे दोष धुण्याचा नाही. मग कशाचा? (टीमची माफी मागायची आहे, पण कारण कळल्यावर मागेन.)

यंदाचं चित्र असं: सूर मारणारा खंड्या, त्याच्यामागे एकमेकींवर आडव्या दोन स्टिक, खाली चेंडू, वरच्या कमानीत टीमचं नाव, खालच्या कमानीत स्थापनेचं वर्ष आणि मधल्या पट्टीवर चार शब्दांचं ब्रीदवाक्य. सगळं देवनागरीत. नाव इथे लिहीत नाही, पण त्यात एक रफार, एक जोडाक्षर आणि एक अनुस्वार आहे. खेळाडू 18, त्यातल्या दोघी गोलकीपर. बाकीच्या सोळाजणींना लाल आणि पांढरी अशा दोन-दोन जर्स्या, गोलकीपरना पिवळी आणि हिरवी. झाले 36 पॅच, जादाचे धरून 40. कापड नेहमीचंच, पातळ, बारीक छिद्रांचं, ताणणारं पॉलिस्टर.

भरतकामाचा करू, विणलेला करू की छापील? चिकटवू की शिवू? का वेल्क्रो लावून दोन्ही जर्स्यांना एकच पॅच फिरवू, म्हणजे निम्म्यात भागेल? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. ‘गुगल करा’वाल्यांना आगाऊ धन्यवाद.

बॉबिन

ताई, आधी गुलाबी रंगाचं सांगतो, कारण माफी अडून राहिलीय.

पॉलिस्टरला लाल रंग देतात तो उष्णतेच्या जोरावर धाग्याच्या आत घुसवलेला असतो. परत तशी उष्णता मिळाली की त्यातला थोडा वाफ होऊन बाहेर निघतो आणि शेजारी पांढरं पॉलिस्टर दिसलं की त्यात शिरून बसतो. गोंद वितळायला लागणारी उष्णता आणि हा रंग उठायची उष्णता अगदी शेजारी शेजारी राहतात. तुम्ही इस्त्री दाबलीत त्याच क्षणी काम झालं. बरेचदा ते लगेच दिसत नाही, चार-आठ दिवसांनी डोळ्यांवर येतं, म्हणून धुण्यावर संशय जातो. लाल, मरून आणि गडद निळा, हे तीन रंग ह्या बाबतीत पक्के चहाडखोर. तेव्हा टीमची माफी मागा, आणि बिनशर्त मागा.

कडा का वळल्या? तुमचं कापड छिद्राछिद्राचं. गोंदाला धरायला जागाच अर्धी. त्यात घाम लवकर सुकावा म्हणून कापडावर जी प्रक्रिया केलेली असते तिच्यावर गोंद नीट बसत नाही. आणि कापड ताणतं, पॅच ताणत नाही. दर हालचालीला गोंद थोडा थोडा सुटत जातो. गोंद हवाच असेल तर तो पॅच जागेवर धरून ठेवण्यापुरता, पकड शिवणीची. लाल जर्सीला तर इस्त्री लावूच नका. टाचणी आणि कच्चा दोरा पुरे.

आता मूळ प्रश्न. मी सोळा वर्षं भरतकामाच्या मशीनवर आहे, त्यामुळे मी भरतकामाची बाजू घेणार हे गृहीत धरून वाचा.

तुमच्या चित्रात फार गर्दी आहे. एक काम करा. कागदावर 9 सेंटिमीटरचं वर्तुळ काढा, त्यात ते चित्र खऱ्या मापात छापा आणि भिंतीला चिकटवून दहा पावलं मागे जा. जे दिसणार नाही ते काढून टाका. संगणकाच्या पडद्यावर पॅच हातभर मोठा दिसतो, तिथे सगळेच राजे असतात.

भरतकामाचा दोरा म्हणजे पेनाची रेघ नव्हे. नेहमीचा 40 नंबरचा दोरा घेतला तर भरीव टाक्याची पट्टी निदान एक मिलिमीटर रुंद हवी. त्याहून बारीक रेघ धावदोऱ्यानेच काढावी लागते आणि ती कापडात बुडते. उलट पट्टी सात-आठ मिलिमीटरच्या वर गेली की वरचे दोरे लोंबायला लागतात, कुणाच्या स्टिकच्या टेपला अडकले की ओढून येतात. तिथे टाका मधे मधे तोडून भरावा लागतो. खंड्याच्या पाठीचा निळा भाग असा तोडून भरला तर पिसांसारखा दिसतो, ते तुमच्या फायद्याचं. चोच मात्र जाड करा. खरी चोच कितीही नाजूक असली तरी पॅचवरची चोच सुईने काढायची आहे.

आता देवनागरी. इथे माझं डोकं पिकलंय, म्हणून जरा लांबण लावतो. पंचिंग करणारे, म्हणजे चित्राचे टाके पाडून मशीनला समजेल अशी फाइल बनवणारे, इंग्रजी अक्षरांना सरावलेले असतात. इंग्रजी कॅपिटल अक्षर पाच मिलिमीटर उंचीला वाचता येतं. आपल्याकडे त्याच उंचीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार बसवायचे. म्हणून मी अक्षराचा मुख्य भागच सात मिलिमीटर धरतो आणि वर-खाली मिळून अकरा-बारा मिलिमीटर जागा सोडतो. अनुस्वाराचा टिंब दीड मिलिमीटरचा ठेवला तर सगळे टाके जवळजवळ एकाच भोकात पडतात, खाली गाठ होते, दोरा तुटतो. चार वेळा दोरा तुटला की ऑपरेटर वैतागतो आणि टिंब गाळून पुढे जातो. मग ‘रंग’चा ‘रग’ होतो. टिंब अडीच मिलिमीटरचा मागा आणि शिरोरेषेपासून एक मिलिमीटर सुटा. रफाराचंही तेच. फट ठेवली नाही तर रफार आणि शिरोरेषा मिळून एक गोळा तयार होतो.

‘ध’ आणि ‘भ’ असतील तर डोळ्यांत तेल घालून बघा. ह्या अक्षरांची ओळख त्यांच्या डोक्यावरच्या फटीत आहे. टाका कापडाला दोन्ही बाजूंनी ओढतो, पट्ट्या जरा फुगतात आणि फट बुजते. ‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’. पंचिंग करणारा मराठी वाचणारा नसेल तर त्याला ह्यात काही चुकलंय हे कळतच नाही. मला एकदा एका टीमचे साठ पॅच ह्याच कारणाने परत आले होते, तेव्हापासून कमानीतली शिरोरेषा मी अक्षरं झाल्यावर शेवटी घालतो आणि ध-भ-थ पाशी हाताने तोडतो.

तुमचं चार शब्दांचं ब्रीदवाक्य 9 सेंटिमीटरच्या भरतकामात बसत नाही. 60 नंबरचा बारीक दोरा आणि बारीक सुई लावली तरी ते जेमतेम वाचता येईल, आणि तेही जर्सी हातात धरून. ते हवंच असेल तर विणलेला पॅच घ्या. त्यात वरून टाके नसतात, कपड्यांच्या लेबलासारखं चित्र ताण्याबाण्यातच विणलेलं असतं. दोरा फार बारीक, त्यामुळे लहान अक्षरं स्वच्छ येतात. पण तो सपाट दिसतो, भरतकामाचा उठाव नाही. छापील पॅचमध्ये कितीही रंग आणि छटा येतात, फक्त लांबून तो कागदी वाटतो. रबरासारखा पीव्हीसीचा पॅच किटबॅगेला उत्तम, पातळ जर्सीला लावला तर गळा एका बाजूला ओढला जातो. लोकरीच्या लूपचा शेनील असतो तो जाड जॅकेटला. (शेनील म्हणजे फ्रेंचमध्ये सुरवंट. एकदा हात फिरवलात की नाव पटतं.)

माझ्या मते ब्रीदवाक्य उडवा, वर्ष ठेवा, आणि पूर्ण भरलेला पॅच घेऊ नका. 9 सेंटिमीटरचं वर्तुळ चित्रासकट पूर्ण भरलं तर दहा-बारा हजार टाके सहज होतात. मिनिटाला 700 टाक्यांच्या वेगाने एका पॅचला पाव तास उलटून जातो, आणि तयार होतो पुठ्ठा. पळताना छातीवर पुठ्ठा नको. जमीन ट्विलच्या, म्हणजे तिरप्या विणीच्या घट्ट कापडाचीच राहू दे, वर फक्त पक्षी, स्टिक, चेंडू आणि अक्षरं भरा. टाके निम्म्यावर येतात आणि पॅच वाकतो. ट्विल सुती नको, पॉलिस्टरचं. सुती धुण्यात आटतं, जर्सी आटत नाही, मग मधे फुगा येतो. दोराही पॉलिस्टरचाच. रेयॉन जास्त चमकतो, पण डाग काढायला कुणी ब्लीच ओतलं की रंग गेला.

काठाचं राहिलं. गोल पॅचला जाड, दोरीसारखा वळलेला काठ असतो ना, त्याला मेरो म्हणतात. ते मशीन काढणाऱ्या अमेरिकन कंपनीचंच नाव आहे. गोल किंवा ढालीच्या आकाराला तो झकास बसतो आणि वर्षानुवर्षं सुटत नाही. पण खंड्याची चोच वर्तुळाबाहेर काढायची हौस असेल तर मेरो विसरा, तिथे भरीव टाक्याचा काठ घालून उष्णतेने कापावं लागतं. चोच आत ठेवा, असं माझं ऐका.

आडवी_स्टिक

इतका उपद्व्याप कशाला? जर्सी शिवतानाच चिन्ह कापडात छापून येतं. वजन शून्य, गळून पडायचा प्रश्न नाही, गुलाबी व्हायचा नाही. आमच्या टीमने तीन वर्षांपूर्वी पॅच बंद केले, कुणाला आठवणही येत नाही.

लेफ्टआऊट

@आडवी_स्टिक, जर्स्या आधीच आल्यात. आणि दर दोन वर्षांनी जर्सी बदलते, पॅच उसवून नव्या जर्सीवर लावता येतो, हा माझा हिशोब. छापलेलं चिन्ह जर्सीबरोबरच जातं.

@बॉबिन, ब्रीदवाक्य उडवायचं म्हणताय, पण ते आमच्या अध्यक्षांनी स्वतः रचलंय. यमकासकट.

उसवलेली_शिवण

बॉबिनदादांनी पॅचचं सांगितलं, मी लावायचं सांगते. ते काम शेवटी आपल्याच गळ्यात येतं. माझ्या दोन्ही मुली हॉकी खेळतात, त्यामुळे माझी सगळी शनिवारची दुपार उसवण्यात आणि शिवण्यात जाते, नाव उगाच नाही घेतलं.

जागा ठरवताना जर्सी टेबलावर पसरू नको. खेळाडूच्या अंगात घालून ठरव. टेबलावर जे छातीवर वाटतं ते अंगावर काखेत जातं. जाड कागदाचं 9 सेंटिमीटरचं वर्तुळ काप, एकीच्या अंगावर टाचून बघ, आवडलं की गळ्याच्या शिवणीपासून आणि खांद्याच्या शिवणीपासून किती अंतर आलं ते मोजून कागदावरच लिहून ठेव. मग त्या मापाच्या सगळ्या जर्स्यांना तोच कागद. माप बदललं की परत अंगावर. लहान आणि मोठ्या मापाला एकच अंतर धरलंस तर फोटोत एका रांगेत उभ्या राहिल्या की प्रत्येकीचा पॅच वेगळ्या मजल्यावर दिसतो. माझ्याकडे असा फोटो आहे, दाखवणार नाही.

मग आतून एक पातळ कापडाचा तुकडा लाव. इस्त्रीने चिकटणारं अस्तर, म्हणजे फ्युजिंग, नको, तेच गुलाबी प्रकरण होईल. साधा न चिकटणारा तुकडा पॅचपेक्षा बोटभर मोठा कापून कच्च्या दोऱ्याने धरायचा. नुसत्या जाळीच्या कापडावर शिवलं तर टीप छिद्रांमधून ओढली जाते आणि कापड फाटतं ते पॅचच्या काठाशीच. शिवून झालं की जादाचा तुकडा कातरून टाक, नाहीतर धावताना छातीला टोचतो म्हणून मुली कुरकुरतात.

सुई गोल टोकाची घे, होजियरीच्या कापडाला वापरतात ती, 75/11 नंबरची. टोकदार सुई विणीचा धागा तोडते, गोल टोकाची बाजूला सारून आत जाते. तोडलेला धागा त्या दिवशी दिसत नाही, चार धुण्यांनी मोज्यासारखी शिडी पडते. दोरा पॉलिस्टरचा, पॅचच्या काठाच्या रंगाचा. टीप मेरोच्या वर नको, त्याच्या आतल्या अंगाला जी खाच असते तिथे चालव, टीप दिसतसुद्धा नाही. वळणावर सुई खाली रोवून ठेवायची, दाब उचलायचा, कापड तसूभर फिरवायचं, दाब खाली. असं पंचवीस-तीस वेळा. घाई केलीस तर वर्तुळाचा बटाटा होतो.

आणि जर्सी ओढून धरू नको! सगळ्यांना मोह होतो, कारण ओढलं की कापड सपाट दिसतं. सोडलंस की आक्रसतं आणि पॅच डोंगरासारखा उभा राहतो.

मशीन नसेल तर हातशिलाई चालते. एका पॅचला मला अर्धा तास लागतो. 36 म्हणजे अठरा तास. बघ बाई.

पॅडवाला

गोलकीपरची बाजू कुणी मांडणार नाही हे माहीत होतं.

आमची जर्सी छातीच्या गार्डवरून घालतात. नियमच आहे की अंगावरच्या संरक्षक साहित्यावरून जर्सी हवी, आणि तिचा रंग दोन्ही टीमपेक्षा वेगळा हवा. म्हणजे बाकीच्यांची जर्सी छातीवर सैल, आमची ताणलेली. टेबलावर सैल कापडाला सरळ टीप मारून पॅच लावला, की घातल्याबरोबर कापड ताणतं, टीप ताणत नाही, आणि पहिल्याच डाइव्हला टक्-टक् आवाज येतो. तो आवाज मी ओळखतो. गोलकीपरच्या जर्सीला बारीक झिगझॅग मारा, किंवा गार्ड घातलेल्या अवस्थेत टाचून मग शिवा. दोन्ही केलंत तर तुमच्या दोघी दुवा देतील.

रंगाचंही बघा. पॅच लाल, पांढऱ्या, पिवळ्या आणि हिरव्या अशा चार कापडांवर बसणार. पांढरी जमीन पांढऱ्या जर्सीवर हरवेल, म्हणून काठ गडद हवा. गडद निळा चारही ठिकाणी चालेल असं मला वाटतं, खंड्यालाही जुळेल.

बाहीवर पॅच लावायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. कॅप्टनची पट्टी दंडावर येते. नियमाने ती खांद्यावर किंवा मोज्याच्या वरच्या भागावरही चालते, पण दंडावर बांधायची सवय कुणी मोडत नाही, आणि मग नेमका पॅचच झाकला जातो.

बर्फवाला

मी बर्फावरच्या हॉकीचा माणूस, तिकडचं थोडं सांगतो. तिथे चिन्ह छातीच्या मधोमध आणि चांगलं वीतभर असतं, कारण आत गार्ड, वर ढगळ जर्सी, जागाच जागा. ट्विलचे वेगवेगळ्या रंगांचे थर एकावर एक ठेवून कडेने झिगझॅग मारतात, आत भरतकाम जवळजवळ नसतंच. मोठ्या चिन्हाला हे उत्तम, हलकं राहतं.

कॅप्टनला पट्टी नसते, छातीवर ‘सी’ अक्षराचा पॅच असतो आणि त्याच्या सहाय्यकांना ‘ए’. एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या मोठ्या लीगच्या नियमात त्या अक्षराची उंची साधारण 3 इंच आणि रंग उठून दिसणारा असावा असं लिहिलंय. आणि त्याच लीगमधल्या मॉन्ट्रियलच्या टीमचं चिन्ह बघा: एका ‘सी’च्या पोटात एक ‘एच’. तो ‘एच’ कशाचा ह्यावर लोक वेगवेगळ्या गोष्टी रचतात, पण तो साधा हॉकीचा आहे. दोन अक्षरं, ब्रीदवाक्य नाही. अध्यक्षांना दाखवा.

बॉबिन

वेल्क्रोचं उत्तर राहिलं होतं. वेल्क्रो काढणाऱ्या स्विस माणसाला, जॉर्ज द मेस्त्रालला, ती कल्पना सुचली कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बियांवरून. 1955 साली त्याला पेटंट मिळालं. म्हणजे आपली कुसळंच ती. आणि कुसळं जे करतात तेच ती करते: जे सापडेल त्याला धरते. जर्सीला मऊ बाजू आणि पॅचला आकड्यांची बाजू शिवायची, उलट केलंत तर धुताना बाकीच्या जर्स्यांची जाळी ओढून निघेल. सरळ लावलीत तरी प्रत्येक धुण्याआधी पॅच काढायला अठराजणींना आठवण करावी लागेल. तुमच्या टीमला आठवण राहते का ते तुम्हीच ठरवा. वर वेल्क्रोचे दोन थर आणि पॅच मिळून जाडी किती होते ते एकदा हातात धरून बघा. बॅगेला आणि जॅकेटला वेल्क्रो छान, जर्सीला माझं मत नाही.

एक महत्त्वाचं. चाळीस सांगायच्या आधी एक नमुना शिवून मागा. पडद्यावरचं चित्र नव्हे, खरा दोऱ्याचा नमुना, आणि तो तुमच्या कापडावर लावून धुवा. पैसे देताना मशीनची फाइलही मागून घ्या. बहुतेक मशीनना डीएसटी प्रकारची फाइल चालते, पण त्या फाइलमध्ये नुसते टाके असतात, दोऱ्याचे रंग नसतात. म्हणून रंगांच्या नंबरांचा कागद सोबत घ्या. नाहीतर दोन वर्षांनी जादाचे दहा करायला गेलात की खंड्या पोपट होऊन येईल.

लेफ्टआऊट

पाच आठवड्यांनी लिहितेय, धागा वर आणल्याबद्दल रागावू नका. झालं काम.

नमुना दोनदा करावा लागला. पहिल्यात रफार आणि शिरोरेषेचा गोळा झाला होता, बॉबिनदादांनी सांगितलं होतं तस्साच. करणाऱ्याला मी फोटोवर लाल गोल काढून पाठवला. तो म्हणाला, ‘हे अक्षरच आहे होय, मला वाटलं नक्षी.’ दुसऱ्यात फट आली. वर्तुळ 9 चं साडेनऊ केलं, जमीन ट्विलची, काठ गडद निळा, चोच आत.

नमुना मागच्या वर्षीच्या एका लाल जर्सीवर शिवला आणि दहा वेळा धुतला, त्यातला एकदा मुद्दाम गरम पाण्यात. पांढरा पांढराच राहिला. पॅच मात्र डोंगर झाला होता, कारण मी कापड ओढून धरलं होतं. @उसवलेली_शिवण, तुम्ही उद्गारचिन्ह घालून लिहिलं होतं तरी. उसवून परत लावला तेव्हा नीट बसला. मग नव्या जर्स्यांचे 36 तिघींनी मिळून दोन रविवारांत लावले.

गोलकीपरच्या जर्स्या गार्डवर टाचून झिगझॅगने शिवल्या. आमच्या मोठ्या गोलकीपरला दोन्ही हात वर करून डावीकडे झेप घ्यायला लावली, मी कान लावून उभी. आवाज आला नाही.

अध्यक्षांना मॉन्ट्रियलचं चिन्ह दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ह्यांना यमक जमलं नसेल. शेवटी ब्रीदवाक्य विणलेल्या लेबलावर घेऊन किटबॅगेच्या झाकणाला लावलं. बॅग उघडली की ते तोंडासमोर येतं, त्यामुळे ते खूश आहेत.

टीमची माफी मागितली. शिक्षा म्हणून त्यांनी पेनल्टी कॉर्नरच्या सरावाला मला गोललाइनवरून पहिली धावून जाणारी म्हणून उभं केलं. पोटरीवर पॅचच्याच मापाचा गोल उठलाय, तोही निळा.

चाळीसही पॅच मी टेबललॅम्पखाली एकेक करून तपासले. एकोणचाळिसांवर अनुस्वार आहे. चाळिसाव्यावर मी हाताने गाठीचा टाका घालून दिला. तो कुणाच्या जर्सीवर गेलाय ते विचारू नका, राइट बॅकला अजून कळलेलं नाही.